धानातली नाडी

१

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला, तेव्हापासून आमच्या घरातली सकाळ भांडणाने उजाडू लागली. मी गोधडी ओढायची, ह्यांनी ती परत अंगावर घ्यायची आणि सासूबाईंनी चुलीपासून ओरडायचं की झोपू दे ना त्याले, दुखण्यातून उठला हाय. मी कोणाचंच ऐकत नसे. नागपूरच्या डॉक्टरने स्टेंट टाकून घरी पाठवताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, रोज चालवा, तो सुपारी-तंबाखूचा खर्रा बंद करा आणि नाडीवर लक्ष ठेवा. सांगितलं मला, तेव्हा जबाबदारी माझी. मी एखादी गोष्ट मनावर घेतली की गावातले लोक माझ्या वाटेला जात नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण खोटंही नाही.

नवऱ्याचं नाव आमच्याकडे बायका घेत नाहीत. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी लाखांदूरच्या शाळेत विज्ञान शिकवलेली, तरी हा एक नियम मी पाळत आले. सासूबाई प्रविण म्हणतात, ते इथे एकदा लिहून मोकळी होते.

नाडीवर लक्ष ठेवायला माझ्या दिराने, अमरने, पुण्याहून मनगटावर बांधायचा बँड पाठवला. डब्यावर लिहिलं होतं की एकदा चार्ज केला की पंधरवडाभर बघायला नको. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो लाल बॅटरी दाखवून थरथरू लागला. चार्जर म्हणजे काय, तर दोन टोचे आणि एक लोहचुंबक. गोठ्यात म्हैस शिंकली तरी निसटायचा. चार्जर नीट बसला की नेमकी लाइट जायची. घामाने पट्ट्याला भेगा पडल्या, मळणीत काचेवर धानाचे ओरखडे उठले, आणि पट्ट्याची खीळ तुटली तेव्हा मी दाभणात सुतळी ओवून तो पोत्यासारखा शिवला. कंपनीच्या मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, मॅडम, असा वापर करायचा नसतो. मी विचारलं, मग मनगटावर बांधायचा की देवघरात ठेवायचा? तिने फोन ठेवून दिला.

मी काही हार मानली नाही. त्या बँडच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकला आणि माझ्या मोबाइलवर ह्यांचे ठोके उमटले की मला घास गोड लागायचा. हे मोठे गोड माणूस आहेत अशातला भाग नाही. हट्टी आहेत, खोटं बोलतात, गालात खर्रा दाबून माझ्याशी तोंड मिटून बोलतात. पण ह्यांच्याविना मला जगायचं नव्हतं. गोष्ट एवढीच होती.

२

आमच्या गावाच्या तलावाची पाळ लांबलचक आहे. थंडीत तिच्यावर धुकं असं बसतं की पुढे चालणाऱ्याचे फक्त पाय दिसतात. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आम्ही नेहमीसारखे निघालो होतो. हे पुढे, मी मागे, आणि दोघांच्या मध्ये कालचं राहिलेलं भांडण. जागेश्वर ढीवर आपली डोंगी पाण्यात घालून शिंगाडे तोडत होता. त्याने ह्यांना हाक मारून खर्रा आहे का विचारलं, आणि ह्यांनी खिशाकडे हात नेऊन माझ्याकडे पाहून तो परत खाली घेतला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढे काठाशी शिंगाड्याची वेल आली होती. हे तोडायला वाकले आणि माझी सुतळी तुटली. बँड पाण्यात पडला. राहू द्या म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर हे धोतर खोचून पाण्यात उतरलेही होते. पाणी कमरेएवढंच. ह्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला, खाली वाकले आणि वेलीखाली गेले.

नुसती वेल हलत राहिली. मी हाक मारली. जागेश्वरची डोंगी धुक्यात कुठे होती ते दिसत नव्हतं, फक्त वल्ह्याचा आवाज येत होता, आणि तोही थांबला. मी साडी वर धरून एक पाय पाण्यात घातला तेव्हा समोर आधी हात वर आला. हातात बँड होता. मग हे वर आले.

पौषाच्या तोंडावरचं ते पाणी, हाडं गोठवणारं. मला वाटलं आता शिव्यांची लाखोली ऐकायला मिळणार, बँडला, अमरला आणि मला. हे काठावर चढले, बँड माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, चल. वाटभर ह्यांच्या अंगावर काटासुद्धा आला नाही. मी मात्र नुसता पाय भिजवून घरापर्यंत कुडकुडत आले.

३

ओला मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचा, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. धानाच्या मुलखात तांदळाचा तोटा नाही. बँड मेलेला होता. काचेच्या आत पाण्याचा थेंब फिरत होता. मी तो सासूबाईंच्या हातात दिला, डब्यात ठेवा म्हटलं आणि ह्यांच्यासाठी पाणी तापवायला गेले.

सासूबाईंनी विचार केला की डब्यातले मूठभर तांदूळ ओढून ओढून किती पाणी ओढणार? मधल्या खोलीत ढोली उभी होती. बांबूची विणलेली, आतून बाहेरून शेणमातीने लिपलेली, माणसापेक्षा उंच, नव्या धानाने गच्च भरलेली. त्या स्टुलावर चढल्या आणि ढोलीच्या तोंडातून हात जाईल तेवढा आत घालून त्यांनी तो बँड खोल दाबून ठेवला. त्यांच्या हिशेबाने त्यांनी माझ्यापेक्षा शहाणपणाचं काम केलं होतं.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी ढोली लिपली. आमच्या घराण्याची रीत आहे, मार्गशीर्ष अमावस्येला ढोलीची पूजा करायची, तोंडावर बांबूचं झाकण ठेवून ते शेणमातीने बंद करायचं, आणि पूर्ण पौष महिना तिला हात लावायचा नाही. तेवढ्या दिवसांपुरतं खायचं धान वेगळं पोत्यात काढलेलं असतं. हळदकुंकू वाहून झाल्यावर मी बँडचं विचारलं तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

मी लगेच खुरपं घेतलं. सासूबाई आडव्या आल्या. लिपलेली ढोली पौषात उघडलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती, त्यांच्या सासूनेही पाहिली नव्हती. का उघडत नाहीत, ते त्यांना सांगता येत नव्हतं. आमची चांगलीच जुंपली. एरवी अशा वेळी हे माझ्या बाजूने बोलतात, निदान आईला चिडवायला तरी. त्या दिवशी हे खाटेवर बसून म्हणाले, ‘राहू दे. आई म्हणते तसं कर.’

मी खुरपं खाली ठेवलं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही, पण का ते तेव्हा कळलं नाही.

४

त्यानंतर माझ्या घरात रामराज्य आलं. मी उठवायच्या आधी हे उठून बसलेले असत. गोळ्या वेळेवर घेत. मीठ कमी टाकलं तरी ताटावरून बोलत नसत. खर्ऱ्याचं नाव नाही. मी खिसे उलटे करून पाहिले, गाल दाबून पाहिले. इतक्या वर्षांत जे मला जमलं नाही ते तलावाच्या एका बुडीने केलं, म्हणून मी अंगणात झाडू मारता मारता हसत होते. वच्छलाकाकू शेजारून म्हणाल्या की तुझ्या नवऱ्याले कोणाची नजर लागन. मी म्हटलं, लागू दे, निदान नजरेत भरण्यासारखा तर झाला.

अशीच एका दुपारी मधल्या खोलीत सुपात तांदूळ घोळत बसले होते. मोबाइल वाजला. बँड जोडला गेला, असं त्यावर आलं होतं.

मला आनंद झाला. वाळला म्हणजे! सासूबाईंचं शहाणपण खरं ठरलं म्हणून थोडी चिडलेही. मग मी ते पान उघडलं. हिरवी रेघ चालली होती. वर, खाली, वर, खाली. ठोके.

मी ढोलीकडे पाहिलं. ढोली जिथल्या तिथे, तोंडावरची माती वाळून पांढरी पडलेली, कुंकवाचं बोट तसंच.

अमरला फोन लावला. तो हसला. वहिनी, म्हणाला, तो दिवा उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड मोजतो. त्याला नाडी कळत नाही. केळ्याला बांधला तरी तो ठोके दाखवतो, लोकांनी करून पाहिलंय. मी विज्ञान शिकवलेली बाई, मला ते पटलं. दाण्यादाण्यांमधून उजेड फिरत असेल. मी तांदूळ घोळायला लागले.

फक्त एक गोष्ट मला खटकली. बॅटरी पूर्ण भरलेली होती. मनगटावर जी दोन दिवस धड टिकली नाही, पाण्यात बुडाली, विझली, ती धानाच्या पोटात चार्जरशिवाय गच्च भरून बसली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तशीच. त्यानंतरही तशीच. मला तर तिचा राग आला. माणसाच्या अंगावर असताना नाटकं करत होती आणि इथे कशी गुमान बसली आहे.

५

थंडी वाढली. एका सकाळी पाळीवर जागेश्वर भेटला. तो ह्यांच्याशी शिंगाड्याच्या भावाबद्दल बोलत उभा राहिला. मी स्कार्फ बांधत मागे होते. जागेश्वर बोलला की त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मी मध्ये काही म्हणाले, माझ्याही तोंडातून निघाली. हे बोलत होते. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

वाफ निघत नव्हती.

मी स्वतःला दटावलं. उजेड कुठून पडतो, त्यावर असतं. मी बाजू बदलून उभी राहिले. मग ह्यांना मुद्दाम जोरात चालवलं, पाळीच्या टोकापर्यंत आणि परत. मला धाप लागली. हे थांबले, माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘अजून जाऊ का?’

घरी आल्यावर मी ह्यांचं मनगट धरलं. दवाखान्यातल्या नर्सने मला नाडी पाहायला शिकवलं होतं आणि त्यात मी तरबेज झाले होते. बोटं ठेवली. मग थोडी सरकवली. मग दुसरा हात धरला. हे शांतपणे माझ्याकडे पाहत होते, दुकानात काही दाखवावं तसा हात पुढे करून. मला काही सापडलं नाही. बोटं गारठली असतील म्हणून मी माझी बोटं चुलीपाशी शेकून आणली. तरी नाही. नाडी मोजायचा, बोटाला लावायचा चिमटा कपाटातून काढला, त्यात नवे सेल टाकले. ह्यांच्या बोटावर नुसत्या आडव्या रेघा. माझ्या बोटाला लावला, आकडे आले. परत ह्यांना लावला, रेघा.

ह्यांना म्हटलं, आजच्या आज भंडाऱ्याला जाऊ, डॉक्टरला दाखवू. हे म्हणाले, ‘थंडी हाय वो. थंडीनं होते तसं.’

बरोबरच होतं. थंडीने होतं. तरीही मी बसची वेळ विचारायला एकटीच बसस्टँडपर्यंत गेले आणि बस समोर उभी असताना परत फिरले. भंडाऱ्याचा डॉक्टर ह्यांच्या छातीला नळी लावेल आणि मग वर पाहील, तेव्हा त्याच्या तोंडावर काय दिसेल, ते मला पाहायचं नव्हतं. मी भित्री नाही. पण त्या दिवशी भ्याले.

६

घरी आले तेव्हा सासूबाई शेजारी गेल्या होत्या आणि अंगणातला माणूस खाटेवर उन्हात बसला होता. अंगणातला माणूस, असं मी मनात म्हणाले आणि माझी मीच दचकले.

मी मधल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मोबाइल उघडला. ठोके चालू होते, संथ, झोपलेल्या माणसाचे असतात तसे. मी ढोलीला कान लावला. लिपणाला हाताची ऊब लागत होती. ओलसर धान कोंडलं की तापतं, हे मला ठाऊक आहे. आतून सरसर आवाज आला. धान बसतं तेव्हा येतो. उंदीर असला तरी येतो. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि एकाही कारणाने माझा कान ढोलीवरून निघत नव्हता.

मग मी ठरवलं, एकदाची तपासणी करूनच टाकू. शाळेत मुलांना सांगायचे ना, पटत नसेल तर करून पाहा. मी ढोलीजवळ तोंड नेऊन बोलले, आज वांग्याची भाजी केली आहे. हिरवी रेघ तशीच राहिली. म्हैस विकून टाकू का, म्हटलं. तशीच. अमरचं नाव घेतलं, सासूबाईंचं घेतलं, गावाचं घेतलं. मी हसले. वेडी बाई, धानाशी बोलते आहे.

आणि मग मी लग्नात मांडवाखाली सोडून कधीही न घेतलेलं नाव घेतलं.

‘प्रविण,’ मी म्हणाले.

रेघ उसळली. मोबाइलच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत गेली, खाली आली, पुन्हा गेली. धावत आलेल्या माणसाचे असतात तसे ठोके, एकावर एक. माझ्या कानाशी, लिपणाच्या आत, धान खालून वर ढवळल्यासारखं सरकलं आणि थांबलं.

मी तिथेच खाली बसले. रेघ हळूहळू संथ झाली, तेव्हा बॅटरीकडे लक्ष गेलं. इतके दिवस भरलेली पट्टी एका बाजूने रिकामी झाली होती.

पुढच्या दोन दिवसांत मला कळलं ते असं. मी नाव घेतलं की ठोके उसळत आणि ठोके उसळले की बॅटरी उतरे. नाव नाही घेतलं, तरी ती आता उतरतच होती. एकदा सुरू झाली ती थांबली नाही. अमरला विचारलं तर तो म्हणाला, वहिनी, हलक्या बॅटऱ्या अशाच जातात, टिकल्या तर टिकल्या, नाहीतर एकदम बसतात. नवा पाठवतो.

मला नवा नको होता. बॅटरी संपली तर काय होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. हिरवी रेघ जाईल. ढोली नुसती ढोली राहील. आणि माझं डोकं, जे बी.एस्सी. झालेलं आहे, ते मला समजावेल. केळ्यालाही ठोके असतात, म्हणेल. थंडीत नाडी लागत नाही, म्हणेल. पौष संपेल, ढोली उघडेल, वरवरचं धान आम्ही काढून खाऊ, आणि त्या अंगणातल्या माणसाला मी जन्मभर चहा देत राहीन. माझीच अक्कल मला फसवणार होती. त्याआधी काय करायचं ते करायला हवं होतं.

७

मी सासूबाईंना सांगायचं ठरवलं. त्या मागच्या पडवीत लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मामीजी, ऐका, म्हणत त्यांच्यापुढे बसून मी सगळं सांगितलं. वाफ, चिमटा, नाव घेतलं तेही. मला वाटलं, त्या देवीला नवस बोलतील, नाहीतर मला वेड लागलं म्हणून अमरला फोन करतील.

त्यांनी सूप खाली ठेवलं. डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

‘मले माहीत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘माय हाय न मी त्याची. तो तलावावरून आला, त्याच दिवशी जेवताना त्यानं भात पहिले घेतला न् मंग पोयी-भाजी. माया पोरगा जन्मात असा जेवला नाही.’

मी विचारलं, मग गप्प काहून राहिल्या मामीजी?

‘उन्हाळ्यात मी त्याले गेला म्हणूनच समजली होती, दामिनी. तुमी त्याले गाडीत टाकून नेलं, तवा मी इथं बसून त्याचं सगळं करून टाकलं मनातल्या मनात. आता हा हाय. खाते, पेते, हाक मारली का माय म्हणते. घरात माणूस तर हाय न? तू ढोली उघडशील, न् आत काईच नाही निघालं तर? न् हाही गेला तर? कायले उकरून राहिली?’

त्या रडत नव्हत्या. त्यांचा आवाज बाजारात भाव ठरवतानाचा असतो तसा होता, आणि मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांचे दोन्ही हात धरले. पण उत्तर दिलं ते असं, की मामीजी, मला माणूस नको आहे. मला तुमचा मुलगा हवा आहे.

त्यांनी हात सोडवून घेतले, सूप उचललं आणि माझ्याकडे पाठ केली. खुरपं कुठे ठेवलं आहे, तेवढं मात्र न वळताच सांगितलं.

८

दुपारची वेळ होती. अंगणात ऊन भरून होतं आणि खाटेवर तो बसला होता, हात मांडीवर ठेवून, कोणी उठ म्हणेपर्यंत बसतो तसा. मी चहाचं आधण ठेवलं, म्हणजे भांड्याचा आवाज त्याच्या कानावर जाईल. मोबाइलवर बॅटरीची पट्टी सुतासारखी बारीक आणि लाल झाली होती. ठोके होते. मी स्टूल ओढलं आणि चढले.

माती वाळून दगडासारखी झाली होती. खुरप्याच्या पहिल्या घावाला कुंकवाचा टवका उडाला. मी कड धरून सोलत गेले. झाकण सुटलं तसा आतून गरम वाफारा माझ्या तोंडावर आला. नव्या धानाचा वास, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक, सुपारी-तंबाखूचा, मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं खिसे उलटे केले तो.

मी ब्लाउजची बाही वर केली आणि हात आत घातला. दाणे टोचत होते. कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला, मग मी ढोलीच्या काठावर छाती टेकवून खांद्यापर्यंत घातला. नुसतं धान. बोटांनी उकरत होते आणि उकरलेलं पुन्हा भरत होतं. माझी अक्कल मागून बोलायला लागली होती की बघ, काही नाही. मी तिला म्हटलं, थांब. पंजा पसरून अजून खाली दाबला.

सुतळी लागली.

माझीच गाठ, दाभणाने मारलेली. तलावाकाठी ती तुटली होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. आता ती घट्ट होती. मी पट्ट्यावरून बोटं फिरवली. काच, काचेवरचे ओरखडे. पट्टा सैल नव्हता. तो कशाभोवती तरी बांधलेला होता. मी पट्ट्याच्या वर बोटं ठेवली, नर्सने शिकवली तशी, आणि ह्या वेळी मला शोधावं लागलं नाही.

खालचा हात हळूच उलटा झाला. त्याच्या बोटांनी माझी बोटं धरली. करंगळीत करंगळी अडकवून, बाकीची तीन मुठीत आवळून. नागपूरला नेताना गाडीत, पवनीपासून उमरेडच्या पुढेपर्यंत, ह्यांनी माझा हात असाच धरला होता. तेव्हा ह्यांना बोलता येत नव्हतं. मी डोळे मिटून तेवढंच म्हणत होते की सोडू नका, आणि ह्यांनी सोडला नव्हता.

मी ओढलं. खालून ओढ आली, पण जड होतं, चिखलात रुतलेलं काही असावं तसं. धान चहूबाजूंनी सरकलं आणि वरच्या थराला खळगा पडू लागला. त्या खळग्यात, माझ्या खांद्याजवळ, दाण्यांच्या खाली काही गोल वर येऊ पाहत होतं. क्षणभर काळे ओले केस दिसले, आणि दाणे पुन्हा त्यावर घसरले.

कमरेला खोचलेला मोबाइल एकदा थरथरला आणि गप्प झाला, बँडची बॅटरी संपली असणार. मी पाहिला नाही. आता त्याची गरज नव्हती. माझ्या बोटांत ठोके होते.

अंगणात खाट करकरली.

पावलं ओट्यावर आली. चुलीवरचं आधण उतू जाऊन विस्तवात चर्र झालं, तरी पावलं तिकडे वळली नाहीत. ती मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. पाठीवर गारवा आला, पहाटेच्या पाळीवरचा असतो तसा. इतक्या जवळ माणूस उभा राहिला तर त्याचा श्वास ऐकू येतो. मला फक्त धान घसरल्याचा आवाज ऐकू येत होता. पडवीत सासूबाईंचं सूप थांबलं होतं.

‘काय ढुंढून राहिली वो?’ मागून आवाज आला. ह्यांचाच, अगदी ह्यांचाच, आणि त्यात जराही घाई नव्हती.

मी मागे वळले नाही. वळले असते तर कदाचित मला पटलं असतं.

‘तुमालेच,’ मी म्हणाले, आणि दुसरा हातही धानात घातला.